युवकांचे मानसिक आरोग्य व स्थानिक आधारसंस्था : खामगाव आणि पश्चिम विदर्भ

साधारणतः १५ ते २४ वर्षे वयाच्या व्यक्तींना युवक अशी संज्ञा आहे. शिक्षण, उपजीविका आणि विवाह यांसंबंधीचे निर्णय याच वयात एकाच वेळी अंगावर येतात आणि बहुतेक दीर्घकालीन मनोविकारांचा आरंभही याच सुमारास होतो. अमेरिकेतील एका विस्तृत पाहणीत (२००५) असे आढळले, की आयुष्यात केव्हातरी मनोविकार जडलेल्यांपैकी निम्म्या व्यक्तींमध्ये पहिली लक्षणे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश व्यक्तींमध्ये चोविसाव्या वर्षापर्यंत प्रकट झाली होती. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मनोविकार असल्याचे दिसले. या सर्वेक्षणासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

मनोविकारतज्ज्ञांची संख्या सर्वत्र अपुरी असल्याने युवकांना मिळणारा पहिला आधार हा घर, शाळा, आखाडा, वसतिगृह, भजनी मंडळ, देवस्थान अशा जवळच्या संस्थांचाच असतो. या संस्थांचा इतिहास मानसोपचाराच्या इतिहासात सहसा नोंदविला जात नाही. वास्तविक बुलढाणा जिल्ह्यातील खामगावसारख्या गावी तोच प्रमुख इतिहास होय.

खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी बाजारपेठ. येथे नगरपालिका १८६७ मध्ये स्थापन झाली आणि १८७० मध्ये जलंब येथून सु. १३ किमी. लांबीचा रेल्वेफाटा केवळ कापसाच्या वाहतुकीसाठी गावापर्यंत आणण्यात आला. चांदीच्या व्यापारामुळे त्यास ‘रजतनगरी’ असेही म्हणतात. कापसाची गाठ अशा रीतीने मुंबईच्या बंदरास लवकर जोडली गेली. मनोरुग्णाची सोय मात्र दूरच राहिली. नागपूर येथील मनोरुग्णालय १८६४ मधील. खामगावपासून ते सु. ३०० किमी. अंतरावर आहे. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी ही चारच शासकीय मनोरुग्णालये महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. १९१२ च्या कायद्याचा भर रुग्णास दाखल करून ठेवण्यावर असल्यामुळे, उदास झालेल्या किंवा परीक्षेत नापास होऊन घरात तोंड लपवून बसलेल्या मुलासाठी त्या व्यवस्थेत काहीच तरतूद नव्हती.

त्या मुलासाठी जे होते ते वेगळ्या हेतूने उभे राहिलेले होते. अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापिलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण. मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकांसाठी गेले होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु गावोगावच्या तरुणांना ठरावीक वेळी, ठरावीक जागी, वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली एकत्र आणण्याची आखाड्याची रीत हे त्याहून मोठे कार्य मानावे लागेल. खामगावचे टिळक राष्ट्रीय विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून निर्माण झाले आणि पंधे गुरुजींमुळे कलाशिक्षणासाठी विशेष ओळखले गेले. हाताला काम आणि मनाला विषय देणे, हे अशा शाळांचे ब्रीद होते. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना एकत्र राहण्यासाठी काढलेल्या श्रद्धानंद छात्रालयाने खेड्यातून शहरात आलेल्या मुलाच्या एकटेपणावर उपाय केला. त्या काळी जातीमुळे होणारा अपमान हेही त्या एकटेपणाचे एक कारण होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला व श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून सामुदायिक प्रार्थना, खंजिरीभजने, श्रमदान व व्यसनमुक्ती यांचा प्रसार झाला. दारूच्या व्यसनाचा युवकांच्या मनःस्वास्थ्याशी असलेला संबंध या मंडळांनी वैद्यकाची परिभाषा न वापरता ओळखला होता.

या परंपरेची उणीवही सांगितली पाहिजे. आखाडा, वसतिगृह आणि चावडी ही मुख्यत्वे मुलांची ठिकाणे होती. मुलींना लग्नानंतर माहेरची ओळखीची माणसेही दुरावत. त्यांच्या व्यथेला वाट मिळे ती बहुधा व्रतवैकल्यांतून, अंगात येण्यातून किंवा देवस्थानाच्या वारीतून.

बुलढाणा जिल्ह्यातच पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी होते आणि सर्व धर्मांचे भाविक ‘बाधा’ झालेल्या नातेवाइकांना घेऊन येतात. अशा स्थळांकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे अपुरे ठरते. बंगळूरच्या राघुराम आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील एका मंदिरात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास केला (२००२), तेव्हा काही आठवड्यांच्या वास्तव्यानंतर लक्षणांत सु. २० टक्के घट दिसली. नातेवाइकाची सोबत आणि धाक नसलेले, दिलासा देणारे वातावरण यांस संशोधकांनी त्याचे श्रेय दिले. मात्र त्याच राज्यात एरवाडी येथे दर्ग्याजवळील एका खाजगी निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. सोबत आणि साखळी ही दोन्ही एकाच श्रद्धेच्या छायेत नांदू शकतात. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. गुजरातेत मीरा दातार दर्ग्याच्या परिसरात ‘दवा-दुआ’ या नावाने मुजावरांच्या सहकार्याने मनोविकारचिकित्सा सुरू करण्यात आली. दर्गा आणि दवाखाना यांची अशी सांगड घालण्याचा हा प्रयोग सैलानीच्या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे.

स्वातंत्र्यानंतर शिक्षणसंस्थांचा विस्तार झाला. खामगावचे गो. से. महाविद्यालय १९४७ चे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या शिबिरांनी महाविद्यालयीन युवकास गावाशी जोडले. तथापि पदवी आणि नोकरी यांतील अंतर वाढत गेले, कोरडवाहू कापसाचे अर्थकारण ढासळले आणि पश्चिम विदर्भाचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जोडले जाऊ लागले. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत बुलढाणा होता. ती मदत प्रामुख्याने कर्ज व सिंचन यांसंबंधीची होती. कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर शाळा सोडून औताला जुंपून घेणाऱ्या मुलाच्या मनाचा विचार तीत अभावानेच होता. २०१५ मध्ये राज्य शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला व आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी तणावग्रस्त व्यक्तींचा शोध घेण्याचे काम हाती घेतले.

याच काळात एक महत्त्वाचा बदल घडला. पूर्वी अनायासे मिळणारा आधार आता हेतुपुरस्सर, प्रशिक्षण देऊन उभा करता येतो काय, याची पारख सुरू झाली. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने २००६ ते २००८ दरम्यान ‘युवा मित्र’ हा प्रकल्प १६ ते २४ वयाच्या युवकांसाठी राबविला. समवयस्कांना व शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले आणि माहितीपुस्तिका वाटण्यात आल्या. प्रकल्प राबविलेल्या वस्त्यांत संभाव्य नैराश्याचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या वस्त्यांपेक्षा कमी आढळले. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रयोग झाला (२०१३–१५). त्यात गावातीलच स्वयंसेवक दुःखी शेजाऱ्याचे ऐकून घेत आणि गरजेनुसार त्यास शासकीय योजनेपर्यंत किंवा डॉक्टरांपर्यंत पोहोचवीत. खामगावला सर्वांत जवळचा प्रयोग अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतील ‘विश्राम’ हा होय. राहुल शिधये, विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ‘विश्राम’ सर्व प्रौढांसाठी होता, केवळ युवकांसाठी नव्हे; तरीही वऱ्हाडी शेतकरी मनातले कोणाजवळ बोलत नाही, ही सर्रास ऐकू येणारी समजूत त्याने खोटी ठरविली. बोलण्याजोगे माणूस गावात नसते, एवढाच त्या समजुतीतील सत्यांश.

अशा माणसाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. छिन्नमानस, तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचा प्रयत्न यांत शेजाऱ्याचे ऐकणे पुरे पडत नाही. औषधे आणि तज्ज्ञ लागतात आणि प्रशिक्षित मित्राने रुग्णास जेथे पाठवावयाचे तो दवाखानाच रिकामा असेल, तर सर्व परिश्रम वाया जातात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने (२०१४) समवयस्क शिक्षकांची कल्पना स्वीकारली. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत किशोरांच्या समुपदेशन केंद्रांस ‘मैत्री क्लिनिक’ असे नाव आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही दूरध्वनिसेवा उपलब्ध झाली. तिचा उपयोग करण्यास स्वतःचा दूरध्वनी आणि एकांत लागतो. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या आणि भावाचाच फोन वापरणाऱ्या मुलीस ही दोन्ही सहजासहजी मिळत नाहीत. तिच्याशी बोलण्यास घरी येऊ शकते ती प्रायः आशा किंवा अंगणवाडी सेविका.