अतिपात्रतेची जाणीव

आपले शिक्षण, अनुभव किंवा कौशल्य हातातल्या कामाच्या गरजेपेक्षा जास्त आहे, अशी कर्मचाऱ्याची धारणा. अतिपात्रता पदवी व पदाची अर्हता ताडून मोजता येते. जाणीव मात्र ज्याची त्याची. एकाच कार्यालयातल्या दोन एम. ए. लिपिकांपैकी एकाला ती छळते, दुसऱ्याच्या गावीही नसते.

संकल्पना : रिचर्ड फ्रीमन यांच्या ‘द ओव्हरएज्युकेटेड अमेरिकन’ (१९७६) या ग्रंथाने जादा शिक्षणाचा प्रश्न अर्थशास्त्रात चर्चेला आणला. मानसशास्त्रात या जाणिवेचा उलगडा सापेक्ष वंचनेच्या सिद्धांताने केला जातो. आपल्या योग्यतेचे आपल्याला मिळाले नाही, ही तुलनेतून उपजणारी खंत तिच्या मुळाशी असते.

वर्तन : कामातले समाधान घटते, नोकरी सोडण्याचा विचार बळावतो. काही जण नेमून दिले तेवढेच करतात. मात्र बेरिन एर्दोआन व टाल्या बाउअर यांनी तुर्कस्तानातील दुकानांतल्या विक्रेत्यांचा अभ्यास केला (२००९), तेव्हा कामात निर्णयाची मोकळीक असलेल्यांमध्ये हे दुष्परिणाम सौम्य आढळले.

पिढ्या : समान ऐतिहासिक अनुभवातून पिढी घडते, असे कार्ल मानहाइम यांनी १९२८ मध्ये मांडले. तथापि कामाविषयीच्या वृत्तींत पिढ्यांमधले फरक अल्पच असल्याचे २०१२ च्या एका संकलित विश्लेषणात दिसले. फरक पडतो तो मुख्यतः वयाच्या टप्प्याने आणि उपलब्ध पर्यायांनी. नोकरी ही पायरी मानणारा तरुण फावल्या वेळात एमपीएससीचे पुस्तक उघडतो. घरकर्जाचे हप्ते फेडणारा मध्यमवयीन कुरकुरत का होईना, टिकून राहतो. निवृत्तीकडे झुकलेल्याला नवख्यांना तयार करण्यात आपल्या अनुभवाचे चीज झाल्यासारखे वाटू शकते.

भारतात : सुरक्षित नोकरीच्या ओढीपुढे ही जाणीव भरतीच्या वेळी मागे पडते. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात शिपायांच्या ३६८ जागांसाठी सुमारे २३ लाख अर्ज आले, अर्जदारांत पीएच.डी.धारकही होते. मुंबईत मंत्रालयाच्या उपाहारगृहात वाढप्यांच्या १३ जागांना चौथी उत्तीर्ण एवढीच अट होती. तरी २०१९ च्या सुरुवातीला निवड झालेल्यांत बहुतेक पदवीधर निघाले. शिपाईपदासाठी पदवी लपवणाऱ्या उमेदवाराला नेमणुकीचा हक्क नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये दिला.