अवधाणापासून रोबोपर्यंत

जांघेत अवधाण आले म्हणजे घरातील वडीलधारी माणसे पायाला कोठे काटा रुतला आहे काय, हे प्रथम पाहतात. दुखणे एकीकडे आणि गाठ दुसरीकडे, हा शरीराचा व्यवहार त्यांना वैद्यकाचे पान न उलटताही ठाऊक असतो. स्त्रियांच्या गर्भाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पुष्कळ अंशी या गाठींचाच, म्हणजे लसिकाग्रंथींचा, इतिहास आहे. रोग मूळ जागेवरून निघाला की बहुधा ओटीपोटातील मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या ग्रंथींत प्रथम उतरतो.

मागे माझी मावशी उपचारासाठी रायपूरला, समता कॉलोनीतील आमच्या घरी राहावयास आली होती. शस्त्रक्रिया रोबोने व्हावयाची आहे असे कळताच तिने विचारले, "अरे, म्हणजे डॉक्टर मला हात लावणारच नाहीत का?" प्रश्न भाबडा होता, पण त्याचे उत्तर देण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले.

१६ नोव्हेंबर १८९८ रोजी व्हिएन्नामध्ये अर्न्स्ट व्हेर्टहाइम याने पोट उघडून गर्भाशय, त्याच्या आजूबाजूचा भाग आणि हाताला मोठ्या लागतील त्या ग्रंथी काढण्यास आरंभ केला. रक्त चढविण्याची सोय नाही, प्रतिजैविक औषधे नाहीत, भूलही बेभरवशाची. त्याच्या पहिल्या २९ रुग्णांपैकी शेकडा ३८ स्त्रिया दगावल्या. त्याचेच गुरू फ्रीड्रिख शाउटा यांनी १९०१ साली योनिमार्गाने शस्त्रक्रिया करण्याची पद्धत काढली. तीत जीवहानी कमी होती. मात्र त्या वाटेने ग्रंथींपर्यंत पोहोचता येत नसे. गुरुशिष्यांतील हा वाद म्हणजे या विषयाचे अर्धे मर्म होय. पुढे बोस्टनच्या जो मेग्ज यांनी १९४०च्या दशकात व्हेर्टहाइमची वाट पुन्हा धरली आणि ओटीपोटातील ग्रंथी एका बाजूने, पद्धतशीर काढावयाचा पाठ घालून दिला.

या वादात आपल्या देशातील एका शल्यविशारदाने तोड काढली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कलकत्त्याचे डॉ. सुबोध मित्र शाउटांच्या वाटेने गर्भाशय काढीत आणि दोन्ही कुशींत छेद घेऊन, उदराचे आतील आवरण न उघडता, ग्रंथी काढीत. 'मित्र शस्त्रक्रिया' या नावाने ती परदेशांतही ओळखली गेली; १९६० साली तिच्यावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला.

नंतर दुर्बीण आली. फ्रान्समध्ये लियाँ येथील दानिएल दार्जाँ यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लहानशा छिद्रातून या ग्रंथी काढून दाखविल्या. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पुण्याचे डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांचे सहकारी यांनी दुर्बिणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची संपूर्ण शस्त्रक्रिया करण्याची रीत बसविली आणि २००७ साली २४८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात ती 'पुणे पद्धती' म्हणून गेली. अमेरिकेत स्त्रीरोगांसाठी रोबोला मान्यता मिळाली ती २००५ साली.

मावशीला मी सांगितले की रोबो स्वतः काहीच करीत नाही. शल्यविशारद काही हातांवर असलेल्या आसनावर बसतो. त्याला आतील दृश्य मोठे आणि खोलीसह दिसते. त्याच्या बोटांची हालचाल यंत्राचे बारीक मनगट उचलते, हाताचा कंप मात्र गाळून टाकते. रक्तवाहिनीवरून ग्रंथी सोलून काढावयास हे फार सोयीचे. स्पर्शाची जाणीव मात्र बहुतेक यंत्रांत नसते.

परंतु सोय आणि गुण या दोन गोष्टी वेगळ्या. २०१८ साली एका आंतरराष्ट्रीय चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि या क्षेत्रात मोठी खळबळ उडाली. गर्भाशयमुखाचा आरंभीचा कर्करोग असलेल्या ६३१ स्त्रियांपैकी पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या शेकडा ९६.५ स्त्रिया साडेचार वर्षांनी रोगमुक्त होत्या. दुर्बीण वा रोबो वापरलेल्यांत हे प्रमाण शेकडा ८६ भरले. त्यांत रोबोच्या शस्त्रक्रिया थोड्याच होत्या, हे खरे. तरीही अनेक निष्णातांनी त्या रोगापुरती जुनी वाट पुन्हा धरली. २०१९ साली बीजकोशाच्या पुढच्या पायरीवरील कर्करोगाविषयी असेच कळले: रोग डोळ्यांना दिसेल तेवढा पूर्ण काढल्यावर, वरून निरोगी भासणाऱ्या ग्रंथी सरसकट काढल्याने आयुष्य वाढत नाही, उपद्रव मात्र वाढतात. ग्रंथी गेल्या की पायांत पाणी साचून जन्माची सूज राहण्याचे भय असते, ते निराळेच.

मावशीचा रोग गर्भाशयाच्या अस्तराचा होता. तेथे लहान छिद्रांची शस्त्रक्रिया मोठ्या चाचण्यांत उतरली आहे. शिवाय कॅमेऱ्यात हिरवे दिसणारे रंगद्रव्य टोचून, रोग ज्या ग्रंथीत प्रथम उतरावयाचा ती पहारेकरी ग्रंथी रोबोच्या कॅमेऱ्यातून ओळखता येते आणि तेवढीच काढून तपासता येते.

शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंची एकेक ग्रंथी काढली होती. तपासणीत दोन्ही निर्दोष निघाल्या. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मावशीने प्रथम पायांकडे पाहिले, आणि मग चहा मागितला.