तीस जानेवारी, संध्याकाळी साडेसात

७ जानेवारी २०२५, सकाळी ८ नंतर
लास व्हेगासच्या मंचावर एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग नवं ग्राफिक्स कार्ड जाहीर करतात: आरटीएक्स ५०७०, आधीच्या पिढीतल्या ४०९० च्या तोडीचं, ५४९ डॉलरला. ४०९० बाजारात आलं तेव्हा १,५९९ डॉलरचं होतं. एआयशिवाय हे जमलंच नसतं, असंही ते सांगतात. पण धाराशिवपर्यंत पोचतं ते पहिलंच वाक्य. भारतातला भाव ५९,००० रुपयांपासून, त्याच मालिकेतल्या ५०९० चा २,१४,००० पासून.

आमच्याकडे अशी कार्डं फक्त गेम खेळणारी पोरं घेत नाहीत. तुळजापूर-उमरग्यापर्यंतची लग्नं शूट करून रात्र रात्र एडिटिंगला बसणारेही घेतात. ही तोड खेळातल्या फ्रेमपुरती आहे, हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड तीनपर्यंत फ्रेम स्वतः रचून भरतं आणि आकडा फुगतो. लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्ट करताना त्या फ्रेमचा काही उपयोग नाही. तिथं मेमरी लागते. ५०७० ला ती १२ जीबी, ४०९० ला २४. हा फरक जाहिरातीच्या झगमगाटात कुणाला दिसणार?

२३ जानेवारी, संध्याकाळी ७:३०
५०९० च्या चाचण्या बाहेर येतात. ४के खेळांत ४०९० पेक्षा साधारण ३० टक्के वेगवान, पण एकटं कार्ड ५७५ वॅटपर्यंत वीज ओढणार. छोट्या दुकानातल्या इन्व्हर्टरवाल्यानं इथंच थांबून विचार करावा.

३० जानेवारी, दुपार
आज संध्याकाळच्या विक्रीत माल संपू शकतो, हे कंपनीनं आधीच कळवलंय. किती कार्डं येणार, ते मात्र नाही. खरं तर तोच एक आकडा हवा होता. ज्याला पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं, त्यानं तो पाहून जुनं कार्ड विकायचं की ठेवायचं ते ठरवलं असतं. १७ सप्टेंबर २०२० ला ३०८० कार्डाच्या वेळीही माल असाच संपला होता. तेव्हा कंपनीनं माफीही मागितली होती.

संध्याकाळी ६:३०
कॅलिफोर्नियात पहाटेचे पाच. दुकानांबाहेर काही जण आधीपासून तंबू ठोकून आहेत.

७:३०
५०८० आणि ५०९० ची विक्री सुरू.

पुढची काही मिनिटं
पान उघडत नाही. उघडतं तेव्हा ‘आउट ऑफ स्टॉक’.

रात्र
तीच कार्डं ईबेवर छापील किमतीच्या कितीतरी वर. दलालांना माल मिळाला, गरजवंताला नाही. याचा मला मनापासून राग येतो.

४ मार्च, संध्याकाळी ७:३०
५०७० च्या चाचण्या. रचलेल्या फ्रेम वगळून मोजलं, तर हे कार्ड ४०७० सुपरच्या आसपास. ४०९० बरंच पुढे. जानेवारीतलं ते वाक्य ऐकून ज्यानं जुनं कार्ड विकलं, त्याच्यापुढं अजून मे महिन्यापर्यंतच्या लग्नतिथी आहेत.