द्रव वर्णलेखनातील स्तंभ-तापमान नियंत्रण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात इटियाडोह धरण असून परिसरात धानशेती प्रमुख आहे. अशा भागातील पाण्यात कीटकनाशकांचे अंश शोधावयाचे झाल्यास द्रव वर्णलेखन (लिक्विड क्रोमॅटोग्राफी) हे महत्त्वाचे साधन ठरते. मात्र 'कक्ष तापमान' या शब्दाचा अर्थ पूर्व विदर्भात डिसेंबरात एक आणि मे महिन्यात दुसराच असतो. स्तंभाचे तापमान ही मोजमापाची अट आहे, ही जाणीव कशी विकसित झाली याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक आढावा :
मिखाईल त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा येथे आपली पद्धत मांडली. पानांतील रंगद्रव्ये डोळ्यांना वेगळी दिसणे हेच तेव्हा पुरेसे होते. तापमानाचा काटेकोर विचार आवश्यक नव्हता. पुढे मोजमाप अचूक होऊ लागले तशी ही स्थिती पालटली. रॉकफेलर संस्थेतील स्टॅनफोर्ड मूर व विल्यम स्टाइन यांनी आयन-विनिमय स्तंभावर ॲमिनो अम्ले विलग करताना तापमान हेच विलगीकरणाचे साधन बनविले. स्पॅकमन यांच्यासह १९५८ मध्ये त्यांनी वर्णिलेल्या स्वयंचलित उपकरणात स्तंभाभोवतीच्या आवरणातून ५० अंश सेल्सिअसचे पाणी फिरविले जाई. १९८८ मध्ये आंतिया व होर्वाथ यांनी मोठ्या रेणूंच्या जलद विलगीकरणासाठी उच्च तापमानाची उपयुक्तता तपासली.

शास्त्रीय कारणमीमांसा :
तापमान २० वरून ४० अंशांवर गेल्यास पाण्याची श्यानता सुमारे एक-तृतीयांशाने घटते व स्तंभावरील दाब कमी होतो. व्युत्क्रम-प्रावस्था पद्धतीत धारणकाल प्रत्येक अंशामागे साधारणतः १ ते २ टक्के कमी होतो. त्याच दिवशी मानक नमुना तपासल्यास या फरकाची बरीचशी भरपाई होते. परंतु सर्व घटकांवर तापमानाचा परिणाम सारखा नसतो; हिवाळ्यात विलग दिसणारी दोन शिखरे उन्हाळ्यात एकमेकांत मिसळू शकतात. ही हानी मानक नमुन्याने भरून निघत नाही. तसेच केवळ स्तंभ तापवून भागत नाही. आत शिरणारा द्रवही त्याच तापमानाचा असावा लागतो.

निष्कर्ष :
स्तंभाची भट्टी ही चैनीची वस्तू नव्हे. ज्या महाविद्यालयात ती नसेल, तेथे किमान प्रत्येक आलेखावर तापमानाची नोंद व्हावी. अन्यथा ऋतूतील फरक हाच पाण्यातील फरक समजला जाण्याचा धोका संभवतो.