झोपेची गोळी आणि वार्धक्याचे पाऊल

निद्रा आणणारे कृत्रिम औषध मनुष्याच्या हाती आले ते एकोणिसाव्या शतकात. लीबिग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली क्लोरल तयार केले; त्याचा निद्रेसाठी उपयोग बर्लिनच्या लीब्राइखने दाखविला तो १८६९ साली. १९०३ मध्ये एमिल फिशर व योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटल पुढे आणले आणि ‘व्हेरोनाल’ ह्या नावाने त्याचा प्रसार झाला. ह्या वर्गातील औषधांचा दोष उघड होता. झोप आणणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडे. त्यामुळे ज्याने मृत्यू ओढवत नाही ते औषध निर्धोक, अशी समजूत रूढ झाली.

ह्या कसोटीला उतरणारे औषध लिओ स्टर्नबाख यांना न्यू जर्सीत गवसले. १९६० साली ‘लिब्रियम’ आणि १९६३ साली ‘व्हॅलियम’ बाजारात आले. ती एकटीच अधिक घेतली गेली तरी सहसा प्राणावर बेतत नसे, हा त्यांचा मोठाच गुण होय. परंतु गोळी घेतलेला सत्तरीचा मनुष्य रात्री उठला, तर त्याचे पाऊल कसे पडते, हा प्रश्न मागेच राहिला.

वार्धक्यात शरीरातील मेदाचे प्रमाण वाढते व यकृताचे कार्य मंदावते. मेदात मुरणारे व्हॅलियम तरुणापेक्षा वृद्धाच्या देहात कितीतरी अधिक काळ रेंगाळते. कालची गोळी ओसरण्यापूर्वीच आजची पोटात जाते. चिंतेबरोबर तोल सावरण्याची शक्तीही मंदावते. घसरता पाय सावरावयास क्षणाचाच अवकाश असतो. तो हुकला की खुब्याचे हाड मोडते, आणि पुष्कळांचे स्वतंत्र हिंडणेफिरणे तेथेच संपते.

१९८७ साली वेन रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिशिगन राज्यातील पासष्टीपुढील १,०२१ खुबामोडीच्या रुग्णांची ५,६०६ इतरांशी तुलना केली. दीर्घकाळ टिकणारी झोपेची वा चिंताशामक औषधे घेणाऱ्यांत हा धोका सुमारे १.८ पट आढळला. १९९१ साली मार्क बीअर्स यांनी वृद्धांस शक्यतो न द्यावयाच्या औषधांची यादी केली.

तथापि इतिहास इतका सरळ नाही. न्यूयॉर्क राज्याने १९८९ साली ह्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर कडक नियंत्रण आणले. त्यांचा वापर निम्म्याहून अधिक घटला. पण खुबामोडीचे प्रमाण घटले नाही, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. मग दोष गोळीचा नव्हताच काय? तसे म्हणवत नाही. गोळी घेणारा पुष्कळदा आधीच अशक्त असतो, तेव्हा नुसत्या तुलनेत कारण व योगायोग वेगळे करणे कठीण. आणि एक औषध बंद झाले तर दुसरे तिची जागा घेऊ शकते.

न्यूझीलंडमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग ह्या दृष्टीने बोलका आहे. झोपेची व मनःशामक औषधे घेणाऱ्या ९३ वृद्धांपैकी काहींची मात्रा, त्यांना नकळत, हळूहळू शून्यावर आणली. त्यांचे पडणे ६६ टक्क्यांनी घटले. मात्र प्रयोग संपून महिना होतो न होतो तोच, तो शेवटपर्यंत पार पाडलेल्या १७ जणांपैकी ८ जण पुन्हा गोळीकडे वळले होते.

कायद्याने चिठ्ठी अडविता येते, रात्र सरत नाही. गोळी वैद्याच्या देखरेखीखाली क्रमाक्रमाने सोडावयाची असते, एकाएकी टाकणे घातक ठरते. आणि त्याबरोबरच त्या वृद्धास झोप का येत नाही, हे कोणीतरी शांतपणे ऐकून घ्यावे लागते.