‘अचल’ की ‘आचार’? : अजिंठ्याविषयीच्या एका चिनी नोंदीचे वाचन

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील बुद्धभद्राच्या संस्कृत लेखात अचल नावाच्या स्थविराचा आदराने उल्लेख आला आहे. या स्थविराने शास्त्याप्रीत्यर्थ शैलगृह करविले, असे लेख सांगतो. हा लेख इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील होय. पुढे इ. स. ६४१ च्या सुमारास ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. ६४६ मध्ये सिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात देशाच्या पूर्व सीमेवरील, दरीत कोरलेल्या एका विहाराचे वर्णन आहे. हा विहार एका अर्हताने बांधविला, असे तेथे म्हटले असून त्याचे नाव तीन चिनी चिन्हांनी लिहिले आहे. आजच्या उच्चाराने ते ‘आ-जे-ल्वो’ असे होते.

हाच तो अचल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्रश्न मात्र तितका सोपा नाही. चिनीत ‘र’ आणि ‘ल’ यांसाठी वेगळी चिन्हे सहसा वापरीत नसत. त्याच वाक्यातील ‘अर्हत’ हा शब्द ‘आ-ल्वो-हान’ असा लिहिला असून तेथील ‘ल्वो’ हे चिन्ह रेफाच्या जागी आले आहे. स्वराच्या ऱ्हस्वदीर्घत्वाचाही या लेखनावरून निर्णय होत नाही. म्हणजे ध्वनीपुरते पाहिल्यास ‘अचल’ आणि ‘आचार’ ही दोन्ही वाचने संभवतात.

खरी अडचण अर्थाची आहे. नावाखालील टीप त्याचा अर्थ ‘आचरण’ असा देते. ‘अचल’ अभिप्रेत असता, तर चिनी बौद्ध वाङ्मयात रूढ असलेला ‘न हलणारा’ या अर्थाचा ‘बू-दुंग’ हा शब्द सहज हाताशी होता. सॅम्युएल बील याने १८८४ च्या इंग्रजी भाषांतरात ‘आचार’ हेच रूप घेतले, ते टिपेस धरूनच.

चिन्ह दिसते, ओळखीचे वाटते, पण अर्थ हाती लागत नाही, हा अनुभव चिनी लिपीच्या बाहेरच्यांनाच येतो असे नाही. शू बिंग या चिनी कलावंताने १९८७ ते १९९१ या काळात ‘आकाशग्रंथ’ ही कृती घडविली. तीतील सुमारे चार हजार चिन्हे हुबेहूब चिनी वळणाची, पण एकही वाचता न येणारी आहेत. अजिंठ्याच्या नोंदीत पेच उलटा आहे : चिन्हे वाचता येतात, अर्थही दिलेला आहे, आणि त्या अर्थामुळेच संशय निर्माण होतो.

तथापि नोंदीतील इतर तपशील अजिंठ्याकडेच बोट दाखवितात. द्वाराबाहेर दोन्ही बाजूंस दगडी हत्ती असल्याचे ग्रंथ सांगतो, आणि सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी हत्तींची जोडी आजही पाहावयास मिळते. उलट, सत्तर फुटांहून उंच बुद्धमूर्ती व तिच्यावर निराधार राहिलेली सात छत्रे यांस तेथे पुरावा नाही. यावरून वर्णनाचा बराच भाग ऐकीव असावा, असे दिसते. ऐकीव नावाला ध्वनिसाम्यावरून अर्थ जोडण्याची चूक अशा वेळी सहज घडते. ‘आचार’ हा अर्थ त्यातूनच आला असणे अधिक संभवनीय वाटते. मात्र ‘अचल’ची ओळख केवळ नावाच्या साम्यावर उभी करणे योग्य नव्हे, तिचा खरा आधार स्थळवर्णन हाच आहे.