तीन हजार काहापण आणि वीस भिक्षूंचे चीवर : नाशिकच्या लेण्यातले चोख आकडे

१/ नाशिकच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. तेथील पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्याच्या ओसरीत एक देणगीलेख कोरलेला आहे. अक्षरांत लिहिलेली रक्कम अचूक संख्येत कशी आणावी, हा आजच्या प्रत्येक व्यापारी संगणकप्रणालीचा प्रश्न. या लेखाने तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कसा हाताळला, हे या धाग्यात पाहू. 🧵

२/ दाता उषवदात. दिनीकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. वर्ष ४२, वैशाख महिना. त्याने हे लेणे संघाला अर्पण केले आणि सोबत ३००० काहापणांची (कार्षापणांची) ‘अक्षयनीवी’ दिली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधीही मोडायचे नाही, केवळ व्याज वापरायचे.

३/ ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली. गोवर्धन हे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेस आहे. एका श्रेणीकडे २००० काहापण, शेकडा एक या दराने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण या दराने. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठी.

४/ लेखातील रक्कम आधी शब्दांत येते आणि लगेच अंकचिन्हांतही. तीन हजार, मग ३०००. सत्तर हजार, मग ७०,०००. एकच गोष्ट दोनदा कशासाठी? दगडाला तडा गेला, टाकी निसटली, एक रूप पुसले, तरी दुसरे साक्षीला उरते.

५/ त्या काळच्या या अंकलेखनात शून्य नव्हते, स्थानमूल्यही नव्हते. हजारासाठी स्वतंत्र चिन्ह होते आणि त्याला तीनचे चिन्ह जोडले की तीन हजार. सत्तरचे चिन्ह जोडले की सत्तर हजार. जोडलेली एक रेघ चुकली तरी हजारोंचा फरक पडे. म्हणून शेजारचे शब्द हाच खरा आधार.

६/ याच जोडलेखनाने पुढे आपल्यावर उपकार केले. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड, पंडित भगवानलाल इंद्रजी आदी अभ्यासक प्राचीन अंकचिन्हे उलगडत होते. जेथे चिन्हाशेजारी शब्द असेल, तेथे चिन्हाचा अर्थ पडताळता येई. नाशिकचे लेख अशा पडताळणीसाठी मोलाचे ठरले.

७/ आता हिशेब करून पाहू. व्याजाचा दर महिन्याचा की वर्षाचा, हे लेख स्वतंत्रपणे सांगत नाही. २००० वर शेकडा एक म्हणजे २०. हे वार्षिक मानले तर वीस भिक्षूंना प्रत्येकी एकच काहापण मिळेल. मासिक मानले तर वर्षाचे २४०. भागिले वीस, बरोबर बारा. आकडा जुळला आणि न लिहिलेले एककही सापडले.

८/ लेखाच्या अखेरीस आणखी एक दान आहे : ७०,००० कार्षापण, ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणून २००० सुवर्ण. भागाकार करून पाहा, तंतोतंत येतो. रक्कम, दर आणि फलित तिन्ही दिल्यामुळे वाचणारा स्वतःच लेखनिक तपासू शकतो.

९/ हे मला उमगले ते स्वतःच्या चुकीतून. प्रबंधासाठी दानांची तालिका करताना मी एकाच चौकटीत ‘३००० काहापण’ असे लिहीत गेले. एकक जोडल्यामुळे संगणकाने तो मजकूर मानला आणि बेरजेतून गुपचूप वगळला. बेरीज कमी आली, पण चुकीची सूचना आलीच नाही. प्रकरण जवळजवळ पूर्ण झाल्यावर ते लक्षात आले.

१०/ व्यापारी प्रणालींत हा धोका रोजचा आहे. जावास्क्रिप्टमधील ‘पार्सइंट’ला आंतरराष्ट्रीय अंकांतला ‘७०,०००’ हा मजकूर दिला, तर ते स्वल्पविरामापाशी थांबून ७० हे उत्तर देते. ‘२,०००’ दिले तर २. उषवदाताचे खाते असे वाचले असते, तर वीस भिक्षूंच्या वाट्याला एक काहापणही आला नसता.

११/ पायथनचे ‘इंट’ स्वल्पविराम दिसताच नकार देते, मात्र ‘३०००’ हे देवनागरी अंक ते बिनचूक वाचते. नकार त्रासदायक वाटतो, पण मुकाट्याने दिलेल्या चुकीच्या उत्तरापेक्षा तो फार प्रामाणिक. संख्या खात्रीने वाचता येत नसेल, तर अंदाज बांधू नये. थांबावे आणि विचारावे.

१२/ अपूर्णांकांचीही गंमत आहे. उषवदाताचा पाऊण दर संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका मांडता येतो. जुना आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, हाही नेमका बसतो. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि एक पैसा, म्हणजे शंभरावा भाग, त्या पद्धतीत नेमका बसत नाही. म्हणून पैशांचे हिशेब दशमान प्रकारात किंवा पूर्ण पैशांत ठेवतात.

१३/ शब्द आणि अंक दोन्ही लिहिण्याची रीत धनादेशावर आजही आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ सांगते : दोन्हींत तफावत असेल तर शब्दांतील रक्कम ग्राह्य.

१४/ उषवदाताने हे दान निगमसभेत वाचून दाखवले आणि दप्तरी नोंदवले, असेही लेखात आहे. शब्द, अंक, दर, फलित, जाहीर वाचन, नोंद. इतका बंदोबस्त कशासाठी? एक आकडा चुकला असता, तर पुढच्या पावसाळ्यात कुणा भिक्षूला चीवर मिळाले नसते, म्हणून. पांडवलेण्यात गेलात, तर दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षणभर थांबा आणि हजाराचे चिन्ह शोधा. 🙏